न लागणारं दुखणं

लेकीला मेडिकलच्या क्लासला घातलं, तेव्हा तिच्यासोबत मी मुखेडहून लातूरला राहायला आले. तिचे वडील शाळेत मास्तर, नोकरीमुळे ते मुखेडलाच राहिले. मालकीणबाईंनी अंगणाच्या कडेनं ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक आई आणि एक शिकणारं लेकरू. मुलं सकाळीच जायची, ती दिवेलागणीला परतायची. मधला लांबलचक दिवस आम्हा बायकांचा. शेजारी देवणीच्या एक ताई होत्या. मेथीची जुडी घेऊन त्या माझ्या उंबऱ्यावर बसायच्या आणि निवडता निवडता त्यांच्या गावाकडच्या गायींबद्दल बोलायच्या. त्यामुळे दिवस जायचा.

थंडी पडली तसा माझा सोरायसिस उसळला. लग्नाआधीपासून मला तो आहे. कोपरांवर, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे आले आणि कोंड्यासारखे पापुद्रे गळू लागले. नळावर भांडी घासताना मालकीणबाईंचं लक्ष गेलं.

"हे काय झालं हो हाताला?"

"जुनंच हाय काकू. थंडीत वाढतं."

"औषध घेता न्हवं?"

"हाव, घेते की."

दुसऱ्या दिवसापासून मी नळावर गेले की बाकीच्या घागरी आपोआप बाजूला सरकू लागल्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, मी शेंगाभाज्या एकत्र शिजवून भज्जी केली, वाट्या भरून खोल्याखोल्यांतून दिली. दुपारी भाजी आणायला निघाले, तर कोपऱ्यावरच्या गायीपुढं तीच भज्जी ओतलेली. भाजी न घेताच मी परत फिरले. देवणीच्या ताई दारात उभ्या होत्या. मान खाली घालून म्हणाल्या, "मला काय वाटत न्हाई हो. पण पोराची परीक्षा हाय. त्याला काय झालं तर..."

त्यानंतर त्यांनी मेथी स्वतःच्या दारात निवडायला सुरुवात केली.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती चिडली. "आई, लागणाऱ्या रोगात बाहेरून जंतू येतो. जिवाणू, विषाणू, असलं काहीतरी. एकाकडून दुसऱ्याकडं जातो. तुझ्यात तसला जंतूच न्हाई. राखण करणाऱ्या पेशीच तुझ्या कातडीवर उलटल्यात. ते आजोबांकडून आलं असंल, थंडीनं, काळजीनं वाढतं. पण लागत न्हाई. मी सांगून येऊ का सगळ्यांना?"

"नको गं. भांडण होईल. तुला इथंच राहून शिकायचंय."

ती पुस्तकात बुडाली आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले. मला आमचं पत्र्याचं शेड आठवलं. माझं माहेर किल्लारीजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. घर पडल्यावर आम्ही सगळे शेडमध्ये राहिलो आणि तिथं खरूज पसरली. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत शिरतो, दाटीवाटीनं झोपलं की एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, असं दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं होतं. लहानथोर सगळ्यांना त्यांनी एकदमच औषध चोपडायला लावलं, अंथरुणं उकळायला लावली. ते दुखणं खरोखरच लागणारं होतं. तरी कुणी कुणाला दूर बसवलं नाही. शेजारची म्हातारी माझी पाठ खाजवायची, मी तिची. आणि इथं, ज्यापासून कुणालाच काही होणार नव्हतं, त्यापायी मी एकटी पडले होते.

उन्हाळ्यात चट्टे फिके झाले, पण वाटीची देवाणघेवाण काही पुन्हा सुरू झाली नाही. मी दुपारी मोठ्यानं रेडिओ लावायचे, माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून.

पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. आधी एका मुलाचे डोळे आले, मग एकेक करून सगळी ओळ काळे चष्मे लावून बसली. मी आणि लेक तेवढ्या वाचलो. लेक स्वतःचा रुमाल कुणाला द्यायची नाही. माझ्या तर हाताला कुणाचा हातच लागत नव्हता. देवणीच्या ताईंच्या खोलीतून दुपारपर्यंत स्टोव्हचा आवाज आला नाही, म्हणून मी दार वाजवलं. मायलेक दोघंही पडून होती. ताईंच्या पापण्या चिकटल्या होत्या.

"येऊ नका हो आत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघू नका, लागंल तुम्हाला."

"बघून न्हाई लागत. डोळ्याला लावलेला हात, टावेल, उशी, त्यातनं लागतं. पोरगी सांगते ना माझी."

मी वरणभात करून नेला, ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि घरी येऊन साबणानं हात धुतले. त्या जेवल्या. चट्टे दिसले नाहीत म्हणून, की भूक लागली होती म्हणून, ते मी विचारलं नाही. साथ ओसरेपर्यंत रोज नेत राहिले.

डोळे बरे झाल्यावर ताई पुन्हा मेथी घेऊन येऊ लागल्या. बाकीच्या नाही आल्या. पुढच्या उन्हाळ्यात ताईंच्या मुलानं क्लास सोडला आणि दोघं देवणीला निघून गेली. माझ्या लेकीलाही मेडिकल मिळालं नाही. आणखी एक वर्ष बघू, असं तिनं ठरवलं, म्हणून आम्ही राहिलो.

जूनमध्ये ताईंच्या खोलीत नवीन बाई आली, देगलूरची. मी चहा घेऊन गेले आणि तिनं काही विचारायच्या आत हात पुढं करून म्हणाले, "हे सोरायसिस हाय. लागत न्हाई बरं का."

"हाव, हाव," ती म्हणाली. कप मात्र तिनं खिडकीत ठेवायला सांगितला.