गिरज्यातले रविवार

प्रभाकररावांचं सेलूत हार्डवेअरचं दुकान आहे. मी त्यांच्याच गल्लीत राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसणं हा माझा नेम. तीस वर्षांत या माणसानं दुकान बंद ठेवलं होतं ते दोनदाच. एकदा वडील वारले तेव्हा, आणि एकदा अंकितच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नात. लग्नातसुद्धा हळद लागेपर्यंत ते कोणाला तरी नळाची तोटी बदलून देत होते. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी धरणाच्या काठावरचा जुना गिरजा विकत घेतला, तेव्हा गल्लीतल्या लोकांना ते खरंच वाटेना.

"गिरजा? तो काऊन घेतला?" मी विचारलं.

"राहाले," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी सकाळी यायचं. लय झालं गुरुजी आता."

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. धरणाचं पाणीच आमचा समुद्र. त्या काठावर ढिवरांची वस्ती आहे, तीस-पस्तीस घरं. दारात जाळी वाळत असतात, डोंगे पालथे घातलेले असतात, आणि वाऱ्याबरोबर मासळीचा वास येतो. वस्तीच्या टोकाला, उंचवट्यावर, मिशनच्या लोकांनी कधीकाळी बांधलेला हा छोटा गिरजा. जाड दगडी भिंती, वर कौलं, समोर लाकडी दार. एकेकाळी तिथे आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं होती. पोरं कामाला लागली तशी ती कुटुंबं वर्धेला, नागपूरला निघून गेली. पंधरा वर्षं तिथे पाद्री आला नव्हता. प्रभाकरराव वस्तीतल्या मच्छीमार सोसायटीच्या इमारतीसाठी टिनाचे पत्रे पोचवायला गेले, पाणी बघून तिथेच थांबले, आणि दोन महिन्यांत सौदा करून मोकळे झाले.

डागडुजी त्यांनी स्वतः केली. दुकानातलेच रंग, दुकानातल्याच कड्या. एका कोपऱ्यात मोरी काढली, एका बाजूला ओटा बांधला. पुढच्या बाजूला पाद्री उभा राहायचा तो हातभर उंच चौथरा होता. पलंग तिथे ठेवला तर खिडकीतून पाणी दिसेल, असं प्रभाकररावांना वाटलं. पण त्यांच्या पत्नी मंदावहिनी अडून बसल्या.

"देवाची जागा हाय ते. कोणत्याबी देवाची असो. तिथं झोपाचं नाई."

मग चौथऱ्यावर नुसती सतरंजी अंथरली, ती तशीच राहिली.

ते पहिलं वर्ष मला फार आठवतं. मीही बऱ्याचदा जायचो. प्रभाकरराव साठीकडे झुकलेले, पण सकाळी उठून डोंग्यात बसून पाण्यावर जायचे. पहिल्यांदा बसले तेव्हा दोन्ही हातांनी कडा धरून "हळू, हळू" म्हणत होते, काठावरच्या बाया हसत होत्या. वहिनी कोथिंबिरीची सांबारवडी करायच्या, आम्ही पायरीवर बसून खायचो. दुकानात या माणसाच्या कपाळावर कायम एक आठी असायची. ती तिथे नसायची.

दुसऱ्याच रविवारी देवकाबाई आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. वर्धेला लागून असलेल्या नालवाडीहून एसटी बदलून आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, आत येऊ का? माहं लगन इथंच लागलं होतं."

त्या आत आल्या, भिंतीला हात लावला, चौथऱ्यासमोर फरशीवर बसल्या आणि डोळे मिटले. अर्ध्या तासानं उठून मागच्या आवारात गेल्या. तिथे निंबाखाली चार-पाच कबरी आहेत, नाव नसलेल्या, नुसते दगड रचलेल्या. त्यातली एक फार लहान. "हे माही पोरगी," त्या म्हणाल्या. "चार वर्साची होती. तापानं गेली."

घर घेताना प्रभाकररावांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या दगडांपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "मावशी, तुमी कधीबी येजा. विचारायचं काम नाई. दर रविवारी येजा."

आणि त्या यायला लागल्या. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. येताना अंबाडीची भाजी, कधी चार वांगी आणायच्या. प्रार्थना झाली की वहिनींजवळ ओट्याशी बसून भाजी निवडायच्या आणि जुन्या गोष्टी सांगायच्या. नाताळात वस्तीतल्या ढिवरांच्या पोरांनाही कशी करंजी मिळायची, धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा सगळे गिरज्यात येऊन कसे राहिले होते, असं काय काय. एकच्या गाडीनं परत जायच्या. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "मले माय नाई गुरुजी. ह्या आल्या का माहेरी आल्यासारखं वाटते. मीच तर इथं राहतो, अन् माहेर मलेच वाटते." आणि स्वतःच हसल्या होत्या.

दोन वर्षं अशी गेली. मग वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं, जाणं कमी झालं. अंकित नागपूरला असतो, नोकरी करतो. तो आला, घर पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, असं घर बंद ठेवून काय उपेग? नागपूरचे लोक शनिवार-रविवार अशा जागा शोधून राह्यले. भाड्यानं द्याले मोबाईलवर टाकतो मी."

प्रभाकररावांनी आधी नको म्हटलं. पण अंकितनं काढलेले फोटो सुंदर होते. पाण्यावरचा सूर्य, रंगीत काचेची खिडकी, जाड भिंती. महिनाभरात शनिवार-रविवार भरायला लागले. माणसाला आपली वस्तू दुसऱ्याला आवडली की बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं असावं. ते दुकानात येणाऱ्याला मोबाईल काढून लोकांनी लिहिलेला अभिप्राय वाचून दाखवायचे. चौथऱ्यावर अंकितनं पलंग टाकला. त्यानंतर वहिनी तिथे मुक्कामाला गेल्या नाहीत.

देवकाबाई त्या काळात दोनदा येऊन गेल्या. पाहुणे पाण्यावर गेलेले असायचे, त्या तेवढ्यात बसून घ्यायच्या. निभत होतं.

मग तो एप्रिलमधला रविवार आला. नागपूरहून दहा-बारा जणांचा घोळका आला होता, कोणाचा तरी वाढदिवस. स्पीकर लावला होता. निंबाच्या सावलीत मागे त्यांनी खुर्च्या टाकल्या होत्या, बर्फाचा डबा ठेवला होता. आदल्या दिवशी पंप बिघडला म्हणून प्रभाकरराव सकाळी आले होते, सोबत मी. पंप चालू झाला, पाहुण्यांनी आम्हाला पोहे दिले, आणि आम्ही फाटकाशी उभे राहून खात होतो तेव्हा देवकाबाई चढ चढून आल्या. घामानं साडी भिजली होती. हातात मोगऱ्याची फुलं आणि मेणबत्तीचा पुडा.

"आज मोठा दिवस हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "प्रभू उठल्याचा रविवार." ईस्टर होता त्या दिवशी.

प्रभाकररावांनी आत बघितलं. दारातून चौथऱ्यावरचा पलंग दिसत होता, त्यावर दोघं-तिघं लोळत मोबाईल बघत होते.

"मावशी, आज पाहुणे हायेत," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येजा ना."

"आत नाई जात. मांगं जाते नुसती. फुलं ठेवून येते."

मागून कोणी तरी मोठ्यानं ओरडलं, बाकीचे हसले. प्रभाकररावांचा चेहरा उतरला. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. त्या म्हाताऱ्या बाईनं ते बघावं याची त्यांना लाज वाटत होती, आणि पाहुण्यांची गैरसोय होईल याची भीती. दोन्ही मिळून त्यांच्या तोंडून जे निघालं ते भलतंच निघालं.

"नाई मावशी. त्यायनं पूर्ण घर घेतलं हाय आज. आपल्याले नाई जाता येत."

'आपल्याले' म्हणाले ते. देवकाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात पोह्यांची ताटली होती. मी त्यांना मागच्या कुंपणानं घेऊन जाऊ शकलो असतो. निदान 'मी येतो सोबत' म्हणू शकलो असतो. मी ताटलीत बघत राहिलो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

परतीची गाडी एकची होती. तेव्हा दहा वाजले होते. वस्तीतल्या एका बाईनं नंतर सांगितलं की म्हातारी तीन तास फाट्यावर बाभळीखाली बसून होती, तिनं पाणी नेऊन दिलं तर तेवढं प्यायली, घरी चल म्हटलं तर आली नाही. फुलं पाण्यात सोडली म्हणे.

पुढच्या रविवारी प्रभाकररावांनी घर रिकामं ठेवलं. देवकाबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. "ऊन लय हाय," प्रभाकरराव म्हणायचे. "पाऊस पडला का येतीन." त्यांच्याकडे नंबर नव्हता, पत्ता नव्हता. नुसतं नालवाडी एवढं माहीत. शोधायला गेले असते तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते गेले नाहीत, आणि मीही 'चला' म्हटलं नाही. जून संपता संपता वहिनींनीच त्यांना दुकानातून उठवलं.

"आज जायचं. मी येतो संगं. गुडघा गेला तरी चालंन."

आम्ही तिघं गेलो. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. देवकाबाई भाच्याकडे राहत होत्या. निकेश त्याचं नाव, वायरिंगची कामं करतो. त्या दारात खुर्चीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, आनंदल्या, चहा ठेवायला सांगितला. त्यांचा तो आनंद प्रभाकररावांना सहन होईना. कप हातात घेऊन ते म्हणाले,

"माही चूक झाली मावशी त्या दिवशी."

"काही चूक नाई भाऊ. घर तुमचं हाय. मीच येडी. मले वाटे का अजून गिरजाच हाय तो."

"पाहुणे बंद केले मी. दर रविवारी गाडी पाठवतो. मीच घ्याले येतो."

देवकाबाई थोडा वेळ शेंगा मोडत राहिल्या. "इथं वर्धेतच जाते मी आता प्रार्थनेले. निकेश सोडून देते. अन् खरं सांगू का? मन नाई होत आता तिकडं." मग वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या तेल कोणतं लावता विचारू लागल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "तिच्या जागेवर गवत वाढलं असंन. जमलं तं काढजा."

पाहुणे प्रभाकररावांनी खरंच बंद केले होते. अंकितशी त्यावरून मोठा वाद झाला होता. "एका म्हातारीसाठी?" तो म्हणाला होता. "तिचं काय नातं आपल्याशी?"  नालवाडीहून आल्यावर प्रभाकररावांनी पलंग चौथऱ्यावरून खाली हलवला, गवत स्वतः खुरप्यानं काढलं, कबरीचे ढासळलेले दगड पुन्हा रचले. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "या मुलीचं नाव काय होतं?"

खुरपं हातात तसंच राहिलं त्यांच्या. "विचारलंच नाई कधी," ते म्हणाले.

पुढच्या वेळी विचारू, असं ठरलं. दिवाळीत दुकानात गर्दी होती. मग लग्नसराई आली. जानेवारीत संक्रांतीला वहिनींनी तिळगूळ आणि एक पातळ बांधून दिलं, आणि आम्ही दोघं नालवाडीला गेलो. दार निकेशनं उघडलं.

"आत्या गेली," तो म्हणाला. "आठ दिवस झाले. झोपेतच."

प्रभाकरराव उंबऱ्यावरच बसले. त्यांनी विचारलं, "कुठं ठेवलं?"

"इथंच, वर्धेले," निकेश म्हणाला. "तिची इच्छा तं पोरीजवळ होती. लय वर्सापासून सांगे."

"मंग आनलं काऊन नाई रे? मले एक फोन करायचा. मी सगळं केलं असतं!" त्यांचा आवाज चढला, शेजारची बाई बाहेर आली.

निकेश चिडला नाही. तो मऊ स्वभावाचा आहे. "मी म्हटलं होतं काका. जिवंत असतानाच म्हटलं होतं, तुमाले विचारतो म्हनून. आत्याच नको म्हने. म्हने, दुसऱ्याच्या आंगनात जागा मांगाची नाई."

मुलीचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. तो जन्मायच्या कितीतरी आधीची गोष्ट. घरात तिला सगळे बाई म्हणत, एवढंच त्यानं ऐकलं होतं.

 परत येताना सेलू येईपर्यंत पातळ प्रभाकररावांच्या मांडीवरच होतं. घरी वहिनींनी विचारलं, "आवडलं का मावशीले?" तेव्हा मलाच सांगावं लागलं.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. प्रभाकरराव अजून शनिवारी संध्याकाळी धरणावर जातात, पण राहत नाहीत. दार उघडतात, झाडझूड करतात, रात्र पडायच्या आत परत येतात. डोंग्यात बसत नाहीत. दुकानात कपाळावरची ती आठी परत आली आहे. वहिनी एकदा म्हणाल्या, "इकून टाका ते. तुमचा जीव जाऊन राह्यला." विकायचं त्यांनाही पटलं.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक डॉक्टर जोडपं बघायला आलं. भली माणसं होती. भिंती, खिडकी, पाणी, सगळं त्यांना आवडलं. निंबाखालचे दगड बघून बाईंनी आपणहून म्हटलं, आम्ही याला हात लावणार नाही. सगळं जमत आलं होतं. तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, "एक अट हाय माही. रविवारी कोणी आलं तं त्याले आत येऊ द्याचं. कोणीबी असो. लिहून द्या."

डॉक्टरांनी विचारलं, "कोण येतं इथे?"

"आता कोणी नाई येत."

"मग अट कशासाठी?"

प्रभाकरराव माझ्याकडे बघायला लागले. मी निंबाखालच्या दगडांकडे बघितलं. डॉक्टर बायकोशी हळू आवाजात काही बोलले, मग विचार करून कळवतो म्हणाले आणि गाडीत बसले. त्यांचा फोन अजून आलेला नाही. प्रभाकररावांनीही केलेला नाही.