मायचं वाचन आणि परवाना

जानेफळात माझं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वर्षानुवर्षं ते माझी मायच करायची. त्या साली ती न्हाणीत पडली, खुबा मोडला. खाटेवर पडल्या पडल्या दुखण्यापेक्षा तिला एकच घोर, "माह्यं वाचन बुडते ना बे!"

मला कारागिरीची खाज. खामगावातून सुटे भाग आणले, काडीपेटीएवढा एफएम ट्रान्समीटर जोडला आणि माइक मायच्या उशाशी लावला. विहार चार घरं सोडून. तिथं रेडिओ ठेवला. इकडं माय वाचायची, तिकडं बाया ऐकायच्या. मायच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. मी इथंच थांबायला पाहिजे होतं. पण कुणी म्हणालं, आमच्या घरी खरखर येते, अन् झालं! छतावर लोखंडी पाइप उभा केला, त्यावर अँटेना चढवली, पॉवर वाढवली. मायचा आवाज शिवारापल्याड पोचला आणि मी गावभर मिरवलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले गावातले एक काका दुकानात आले. हळूच म्हणाले, "काऊन आफत ओढून घेऊन राह्यला बे? मशीन लहान असो का मोठी, हवेत आवाज सोडाले परवाना लागते. जप्त करतीन, केस होईन ते वेगळीच."

"मंग परवाना काढतो ना."

"तो संस्थेले भेटते. तुह्या मायले कोण देईन?"

असा संताप आला! धम्माची चार पानं वाचणारी म्हातारी काय दरोडा घालून राह्यली होती? पण घाबरलोही होतो. त्याच दिवशी अँटेना उतरवली, ट्रान्समीटर खोलून टाकला. विहारात शेजारची सून वाचू लागली. मायला हे सांगायला मात्र जीभ रेटेना. माइक उशाशी तसाच ठेवला, त्याचा लाल दिवा जळता ठेवला आणि शेजाऱ्यांना गप्प बसायला सांगितलं.

माय रोज चष्मा लावून, घसा साफ करून तासभर वाचायची. मी दुकानातून आलो की विचारायची, "आलं का ऐकू सगळ्यायले?"

"हाव माय, एकदम खणखणीत."

किती सहज बोलायचो मी! आता लाज वाटते.

आश्विन पौर्णिमेला समारोप झाला. शेजारची सून खिरीची वाटी घेऊन आली. जय भीम करून भोळेपणानं बोलून गेली, "आजी, पुढच्या साली तुमीच वाचा हो. माह्या वाचण्याले तुमची सर नाही."

ती गेली. मायनं खीर खाल्ली नाही. माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे एवढे दिवस मी कोणाले वाचून दाखवत होती?"

'मी ऐकत होतो माय,' म्हणायला तोंड उघडलं. पण त्या वेळेला मी रोज दुकानात असायचो, हे तिला माहीत होतं.