एक्स्ट्रीमली मावशी

काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगवाल्या मावशींना हमाल ‘एक्स्ट्रीमली मावशी’ म्हणत, आणि त्यांना ते आवडे. इंग्रजीशी या बाईचा तेवढाच संबंध, पण तो एक शब्द मात्र पक्का ठाऊक. खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तीन. नुसतं ‘फ्रॅजाइल’, म्हणजे नाजूक. ‘व्हेरी फ्रॅजाइल’, म्हणजे फार नाजूक. आणि लाल रंगाची ‘एक्स्ट्रीमली फ्रॅजाइल’. तिचा अर्थ मावशी सांगत, ‘तान्ह्या बाळासारखं उचला, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.’ ही लाल चिठ्ठी मावशी महिन्यातून दोनचारदाच काढत. म्हणूनच ती दिसली की दोघे हमाल पुढे होत आणि खोकं अलगद नेत.

मग नवे मॅनेजर आले. हुशार माणूस, पण नको तिथे. ‘सगळ्यांनाच लाल लावा, मावशी. काळजी घेतलेली बरी.’ मावशींनी परोपरीने समजावलं, पण ऐकतो कोण. आठवडाभरात हमालांना लाल रंग दिसेनासा झाला. खोकी धडाधड आदळू लागली.

नेमकं तेव्हाच मावशींच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, शेवटचं काम पॅकिंगला आलं. मालक याच कारखान्यात काच फुंकायचे, आणि त्या दिवशी निवृत्त होणार होते. छातीत दम उरला नव्हता. मोठा दिवा तीनदा फुटला, चौथ्यांदा जमला. ‘हा गेला तर पुन्हा नाही गं होणार माझ्याच्यानं,’ एवढंच ते म्हणाले.

त्यांनी दिवा कागदात आणि वर स्वतःच्या जुन्या शालीत गुंडाळला. लाल चिठ्ठी हातात घेतली, समोरच्या शंभर लाल खोक्यांकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली. खोकं कोरंच सोडलं.

गाडी भरताना मुकादम त्यापाशी थबकला. ‘मावशी, यावर चिठ्ठी नाही. विसरलात?’

‘नाही.’

तीस वर्षांत मावशी चिठ्ठी लावायला कधी चुकल्या नव्हत्या, हे मुकादमाला माहीत होतं. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे, आणि जोडीदाराला हाक मारली. दोघांनी ते खोकं जपून उचललं आणि सगळ्यांच्या वर, गोणपाटाच्या घडीवर ठेवलं.

नवव्या दिवशी फोन आला. दिवा पोचला होता, लागलाही होता.

‘कोणती चिठ्ठी लावली होतीस?’ संध्याकाळी मालकांनी विचारलं.

‘तुमच्या कामाला पुरेल अशी नव्हतीच एकही,’ चहा ओतता ओतता मावशी म्हणाल्या. मालक नुसते डोळे पुसत राहिले, आणि चहा निवून गेला.