राजाचा डावा पाय

बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. हात थरथरायला लागला तेव्हापासून त्यांनी ब्रश धरला नव्हता. आमच्या पनवेलच्या सोसायटीच्या हॉलसाठी 'मोहिमेहून परतलेल्या राजाचं स्वागत' काढतो म्हणाले, तेव्हा मी त्याच दिवशी कॅनव्हास आणून दिला. "जमलं तर ठीक, नाहीतर चित्र काढणं कायमचं बंद," अशी त्यांची अट होती. मला ती मुळीच आवडली नाही.

राजा कोण होणार? तेच. खांद्यावर आईचा शालू, कमरेला तलवार म्हणून छत्री. कपाटाच्या आरशासमोर, उंबरठा ओलांडून घरात येतोय असा उजवा पाय पुढे टाकून उभे राहायचे आणि आरशात दिसेल तसं काढायचे. राणी अर्थातच आई, हातात ओवाळायला स्टीलचं ताट. "राजे, आटपा, कुकर लावायचाय," असं ती मधूनच सुनवायची. दोन महिने घरात नुसती धमाल होती. हात फारच हलला की बाबा मनगटाखाली उशी घ्यायचे.

रविवारी चित्र लावायचं होतं. शुक्रवारी नेऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी दारातूनच ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, राजा डावा पाय टाकून घरात येतो? आमी नवरीला पन उजवाच टाकायला लावतो. हा तर राजा हाय."

खरंच की. आरशानं घात केला होता. तलवार बाबांनी आठवणीनं डाव्या कमरेला नेली होती, पाय तेवढा राहिला. मी म्हटलं, "कोणाच्या लक्षात येतंय?" तिथेच चुकलं माझं. "जन्मभर पोरांना शिकवलं, आरसा उलटं दाखवतो म्हणून," एवढंच बोलून ते ब्रश पुसायला लागले. दोन दिवसांत दोन्ही पाय नव्यानं काढणं त्यांच्या हाताला झेपणारं नव्हतं. मला अगदी रडू येईल असं वाटलं.

आईनं मात्र चित्र नीट निरखलं. "राजाला कशाला छळता? उंबरठा सरकवा की पुढे. डावा पाय अजून बाहेरच आहे म्हणायचं. आता टाकेल तो उजवा."

चित्रातला उंबरठा म्हणजे काय, एक आडवी पट्टी. बाबांनी ती वीतभर पुढे घेतली. दुपारच्या चहापर्यंत काम झालंसुद्धा.

रविवारी चित्रावरचा पडदा मावशींनीच काढायचा, हा बाबांचा हट्ट. मावशींनी आधी राजाचे पाय तपासले, मग हसल्या. टाळ्या बऱ्याच वाजल्या. घरी परतताना जिन्यात बाबा थांबले. मला वाटलं, दम लागला.

"याहून मोठा कॅनव्हास मिळतो का रे?"

मी म्हटलं, मिळतो. मिळत नसता तरी तेच म्हणालो असतो.