तिखटाचे दोन डबे

२०२४ साल होतं, मी शहात्तर वर्षांचा. केळझरच्या गणपतीले गेलतो, तिथंच पोराचा फोन आला, "बापू, लवकर या... आई गेली." सकाळी तर तिनंच चहा दिलता. "उद्या बसीन मिरच्या निवडाले," म्हणाली होती. भिवापुरी मिरचीचं पोतं ओसरीत तसंच उभं होतं. तेव्हापासून माह्या पायाले थारा नाई. ओसरीत बसलो की उठतो, वावरात गेलो की परततो...

गिरजा माही बायको. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवाले बसलो, तर साळ्यानं माह्या वांग्याच्या भाजीत वरून चमचाभर तिखट टाकलं. "भाऊजी, झेपते का, का साखर आणू?" असं म्हटल्यावर मी थांबतो काय? वाटी पुसून खाल्ली, अन् मग विहिरीमागं जाऊन हाशहुश करत वाकलो. मागं गिरजा उभी, हातात ताकाचा गडवा.

त्या वर्षापासून आमच्या घरी तिखटाचे दोन डबे झाले. मोठा सगळ्यांचा. लहान डब्यासाठी ती दार लोटून मिरच्यांच्या बिया काढे, शिरा काढे. रंग तोच लालभडक, जाळ नाई. मग चार लोकांत मी ओरडणार, "हे काय लेकराबाळांचं जेवण आहे? टाक अजून तिखट!" ती मुकाट लहान डब्यातलं दोन चमचे टाके. लोक पाहतच राहत. तिखट कुटायच्या दिवसांत तिची बोटं ताकात बुडलेली असत. मी विचारलं नाई, तिनं सांगितलं नाई. एकदा मात्र भांडण झालं, अन् त्या दिवशी तिनं मोठा डबा उघडला. मी तांब्यावर तांब्या रिचवून राह्यलो, तर म्हणे, "काऊन जी, आज तिखट कमी पडलं का?"

तेरवीची पंगत बसली. सुनेनं घर आवरताना लहान डब्यातलं उरलंसुरलं मोठ्यात ओतून टाकलं होतं. तिचा काय दोष, तिले सांगणार कोण? साळा, आता तोही म्हातारा, बाजूच्या पाटावरून म्हणाला, "पोरी, भाऊजीले वरून तिखट टाक. माह्या बहिणीच्या हातचं आहे." आता नाई कसं म्हणू? पहिल्या घासाले डोळ्यांतून धार लागली. तरी पान पुसून उठलो. साळ्यानं पाठीवर हात ठेवला, "रडून घ्या भाऊजी. इतक्या दिवसांत टिपूस नव्हता तुमच्या डोळ्यात." खरंच नव्हता. आता कोणतं पाणी कशाचं, मलेही समजेना... मागच्या अंगणात जाऊन वाकलो. वळून पाह्यलं. कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं ओढलं अन् ओसरीत रस्त्याकडं तोंड करून बसलो. सून आली. "मामाजी, बिया काऊन काढून राह्यले? सारा तिखटपणा जाईल ना!" साळा खाटेवर चहा पीत होता, त्याची बशी हातातच राह्यली.

"हे माह्या डब्याचं आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "तो लहान डबा घासून वाळवाले ठेव."

बोटं पेटली. पण पोतं सरेपर्यंत जागचा उठलो नाई.