राजाशेजारची भाजीवाली

मी शिकलो तो माझ्या आईमुळे. ती अकोल्यात जठारपेठेत भाजी विकते, म्हणून ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला ती आठवते, आणि हॉलंडमधला तो एक दिवसही. मी तिकडे शिकायला निघताना ती म्हणाली होती, “तिकडले राजे-महाल पाह्य अन् मले लिहून पाठव.” तिथे वर्गात मात्र मी सांगत असे, आई घरीच असते. त्या दुपारी वर्गातल्या पुण्याच्या मैत्रिणीसोबत संग्रहालयात गेलो. राजाच्या चित्राशेजारी, तेवढ्याच मोठ्या सोनेरी चौकटीत, चारशे वर्षांपूर्वीची एक भाजीवाली बसली होती. ताज्या जुड्या वर, आणि खालून डोकावणारं सुकलेल्या जुडीचं एक पान; आईही सुकलेली जुडी अशीच खाली ठेवते. चित्रकारानं तेही पाहिलं होतं! माझा पाय निघेना. “काय रे, ओळखीची आहे का?” मैत्रीण हसली. “माझी आई हेच करते,” मी पहिल्यांदाच म्हणालो. संध्याकाळी नाट्यगृहात मखमली पडदा आवाज न करता वर गेला, रंगमंचावर अख्खा बाजार उभा राहिला, आणि त्यातही मी भाजीवालीच शोधत होतो. खोलीवर येऊन त्या चित्राच्या कार्डामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: “आई, राजाच्या बाजूले भाजीवाली बसून हाये. तिनंबी सुकलेली जुडी खालीच ठेवली. माही माय भाजी विकते, हे आता मी सगळ्यायले सांगतो.”