सत्तरच्या पुढे

तीस एप्रिल. घरून नेलेली रक्कम बाराशे रुपये. हजर: मी, माझी बायको, मुख्याध्यापक आणि पटावरच्या एकोणीसपैकी अकरा मुलं. जिच्यासाठी बायकोला त्या दिवशीचा वर्ग घ्यायचाच होता, ती दुसरीतली मुलगी गैरहजर.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा गावात तिनं अकरा वर्षं काढली. त्या वर्षी तिची बदली सिहोऱ्याकडे झाली आणि तीस एप्रिल हा त्या शाळेतला तिचा शेवटचा दिवस ठरला. मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. तिचं सामान आणायचं म्हणून एक दिवसाची रजा टाकली आणि मोटारसायकलवर तिच्यासोबत गेलो. वाटेत मुलांसाठी तीन किलो जिलबी घेतली. चारशे ऐंशी रुपये झाले, उरले सातशे वीस.

मुलीची अडचण एका वाक्यात सांगता येईल. ती सत्तरपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

त्या भागात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचं, म्हणजे बिडीच्या पानांचं काम असतं. पहाटे माणसं जंगलात जाऊन पानं तोडतात, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पानं. घरातली लहान मुलंही बांधायला बसतात. शाळेत मोजणी शिकवताना मुलांच्या ओळखीच्या वस्तू घ्याव्यात, म्हणून बायकोनं आदल्या वर्षीच्या हंगामात मुलांना घरून पानं आणायला सांगितली होती. दहा-दहाचे सात गठ्ठे केले की पुडा, हे मुलांना चटकन समजलं. ती खूश होती. बाकीची मुलं पुढे शंभरपर्यंत गेली. ही मुलगी सत्तरवर राहिली.

तिला अंक येत नव्हते असं नाही. पाटीवर ती ब्याऐंशी लिहायची, चौऱ्याण्णव वाचायची. पण हातात चिंचोके दिले, खडे दिले, काड्या दिल्या, की सत्तरावा उचलल्यावर ती सगळे सरळ करून ठेवायची, कमरेकडे हात न्यायची आणि म्हणायची, एक. कमरेला घरी पुडे बांधायची सालीची दोरी खोचलेली असते. शाळेत ती नसायची, तरी हात जायचा.

बायको घरी येऊन मला सांगायची, ‘‘बिघडवलं मी आहे. दुरुस्तही मीच करीन.’’

निकाल लागला होता. त्या मुलीसकट सगळी मुलं पास होती. साडेनऊपर्यंत तिची वाट पाहून बायकोनं चप्पल घातली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मॅडम, हंगाम सुरू झाला. आता ती कुठली येते? मी आहे ना पुढच्या वर्षी. मी शिकवतो तिला शंभर.’’

‘‘सर, तुम्ही शिकवाल. पण आज अकरापर्यंत शाळा माझी आहे.’’

‘‘अकरानंतर?’’

‘‘अकरानंतर मी मोकळी आहे. मग कुणी विचारणारही नाही.’’

मुख्याध्यापक हसले. चांगला माणूस. मुलांना जिलबी वाटायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. बायकोनं मुलीच्या वाट्याची जिलबी कागदात बांधून घेतली आणि आम्ही मोटारसायकलवर तिच्या घरी गेलो.

ओसरीत मुलीची आई आणि मुलगी पानांच्या ढिगाशी बसलेल्या होत्या. बापाला वरठीच्या कारखान्यात काम होतं, तो पंधरवड्यानं घरी येई. पहाटे तोडलेली पानं दुपारपर्यंत बांधून व्हायला हवी होती, कारण तीनला फळी उघडते. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथं ठेकेदाराचा मुनशी पुडे मोजून घेतो.

आम्हाला बघून आई उठायला लागली. ‘‘या बाई, या भाऊ. पोरीले पाठवलं नाही म्हनून आले का? काय करू बापा, एकटीच्यानं होत नाही.’’

‘‘मी बोलवायला आले नाही,’’ बायको म्हणाली आणि चप्पल काढून सरळ ढिगाशी बसली. ‘‘मी बांधायला आले.’’

‘‘तुमाले येते का?’’

‘‘शिकवा.’’

मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तिनंच बाईला शिकवलं. पानांची देठं एका बाजूला, पाच-पाच पानं उचलायची, अर्धी उलट ठेवायची, मग दोरी. बायकोचा पहिला पुडा उचलताच सुटला. आई म्हणाली, ‘‘बाई, हा पुडा मुनशीनं पाहिला त तो आमाले फळीवर उभं नाही करनार.’’

मीही बसलो. माझे पुडे बरे होते, पण मी हळू होतो, कारण मी प्रत्येक पुडा दोनदा मोजत होतो. ‘‘भाऊ, तुमी बँकेत आहा का?’’ आईनं विचारलं. मी राईस मिल म्हणालो. ‘‘मंग बराबर हाय,’’ ती म्हणाली.

अकरा वाजून गेले. शाळा सुटल्याची घंटा तिथपर्यंत ऐकू आली. बायकोनं मान वर केली, थोडा वेळ शाळेच्या दिशेनं पाहिलं आणि पुढची पाच पानं उचलली.

तिचं लक्ष मुलीच्या हातांवर होतं. जेवणाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या घरचा वरण-भात आणि आमची जिलबी खाताना, तिनं आईला विचारलं, ‘‘फळीवर पुडे कोण मोजतं?’’

‘‘मी मोजतो मुनशीपुढं. शंभराचा भाव रायते ना. शेकडा.’’

‘‘हिनं कधी मोजले?’’

‘‘लेकरू कायले मोजन? ते पानं मोजते, मोठे मानसं पुडे मोजते.’’

बायकोनं हातातला घास ताटात ठेवला. मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चिंचोके असोत की खडे, मुलीच्या हाताला ती पानंच होती. सत्तर झाली की बांधायची. पुडा मात्र आधीच बांधलेला असतो, सत्तर पुडे झाले म्हणून कोणी ते पुन्हा बांधत नाही.

‘‘आज हिला मोजू द्या.’’

‘‘बाई, मुनशी हासन. चुकली त आमचेच पुडे कमी लागन.’’

‘‘चुकली तर तुम्ही पुन्हा मोजा. मी मुनशीला थांबवते. तो थांबेल.’’

‘‘तुमी बदलीवर चालल्या, तुमाले काय. मले त्याच्यासंगच हंगाम काढाचा हाय.’’

हे खरं होतं आणि बायकोनं ते मान्य केलं. मुलगी जिलबीचा पाक बोटांवरून चाटत दोघींकडे पाहत होती. शेवटी आईच म्हणाली, ‘‘एकडाव. एकडावच मोजन ते.’’

तीनला आम्ही फळीवर गेलो. मुनशी खाटेवर बसला होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आईनं सांगितलं तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ‘‘मॅडम, इथं शाळा भरवून राहिले का?’’

‘‘हो. शेवटचा तास आहे.’’

‘‘मंग भरवा. पन जरा लवकर. मांगं लोकं उभे हायेत.’’

मुलगी टोपल्यातून एकेक पुडा काढून जमिनीवर ओळीनं मांडू लागली. मोठ्यानं मोजत होती. वीस, तीस झाले. मागची माणसं आपसात बोलत होती, हळूहळू पुढे सरकून पाहू लागली. चाळीस. पन्नास. साठनंतर तिचा आवाज बारीक झाला. बायको तिच्या समोर नाही, बाजूला उभी होती, म्हणजे मुलीला तिच्या तोंडाकडे पाहता येऊ नये.

अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

सत्तरावा पुडा खाली ठेवून मुलगी थांबली. हात कमरेकडे गेला. त्या दिवशी दोरी खरंच तिथं होती. तिनं ती धरली. आई काही बोलायला गेली, तोच बायकोनं तिचं मनगट पकडलं.

मुलीनं मांडलेल्या ओळीकडे पाहिलं, मग दोरीकडे. एवढे पुडे बांधायला ती दोरी पुरणार नव्हती, हे कोणीही सांगितलं असतं. तिनं दोरी सोडली, वाकून टोपल्यातला पुढचा पुडा काढला.

‘‘एकाहत्तर.’’

त्यानंतर ती इतकी जोरात मोजायला लागली की मुनशी म्हणाला, ‘‘हळू माय, मी बहिरा नाही.’’ ती हळू झाली नाही. शंभर म्हणून ती सरळ उभी राहिली. टोपल्यात चार पुडे उरले होते. ते तिनं वेगळ्या ओळीत ठेवले. एक, दोन, तीन, चार.

‘‘शंभराच्या पुढं काय येते?’’ मुनशीनं तिला विचारलं.

‘‘दुसरा शेकडा.’’

बायको मला हळूच म्हणाली, ‘‘आता ही शंभरवर अडणार.’’

‘‘ते सरांकडे,’’ मी म्हणालो. ‘‘तुझी बदली झाली.’’

मुनशीनं स्वतः एकदा ओळीवरून बोट फिरवत मोजलं. एकशे चार. तो रोजचा चुकारा रोज करत होता आणि त्या दिवशीचा भाव शेकड्याला साडेतीनशे होता. मी मनात करून ठेवलेला आकडा त्यानंही काढला. पैसे त्यानं आईकडे धरले. तिनं हात पुढे केला नाही.

‘‘मोजलं कोनं?’’ ती म्हणाली.

मुनशीनं तीनशे चौसष्ट रुपये मुलीच्या हातात दिले.